बिनतारी कीबोर्ड आणि एक जादा शून्य

आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झालो आणि लगेच टायपिंगच्या क्लासात नाव घातले. मराठी ३०, इंग्रजी ४० अशा दोन्ही परीक्षा लोखंडी मशीनवर दिल्या. त्या मशीनच्या कळा दाबायला बोटांत जोर लागे, आणि चूक झाली की पांढरी शाई लावून ती वाळेपर्यंत फुंकर मारत बसावे लागे. त्यामुळे ‘आमच्या देखरेखीखाली टायपिंगची चूक होत नाही’ असा एक ताठा आमच्या अंगात मुरलेला होता. २०२४ साली शेजारच्या सहा वर्षांच्या पोराने तो उतरवला. त्याची ही हकीकत. तिच्यासोबतच बिनतारी कीबोर्ड आणि माऊस घेताना व लावताना काय पाहावे तेही सांगतो, कारण ही वस्तू आता घरोघरी येऊ लागली आहे आणि दुकानदार रंग व किंमत यापलीकडे काही सांगत नाहीत.

आमच्या वस्तीत दहा बाय बाराची एक खोली आहे. सकाळी मुले तिथे अभ्यासाला बसतात आणि संध्याकाळी सात ते नऊ आम्ही दोघे-तिघे लोकांचे अर्ज भरून देतो. शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे, भरतीच्या परीक्षांचे. भरणावळ घेत नाही, प्रिंटचे दोन रुपये तेवढे घेतो. पूर्वी आम्ही पडद्याकडे तोंड करून बसायचो आणि पालक आमच्या पाठीमागे, डॉक्टरच्या दारात बसल्यासारखे. आम्ही काय लिहितो ते त्यांना दिसत नसे. मग एका सद्गृहस्थांनी जुना ३२ इंची टीव्ही दिला. तो भिंतीवर टांगून कॉम्प्युटरला जोडला. आता सतरंजीवर बसलेल्या आईलाही आपल्या मुलीचे नाव मोठ्या अक्षरांत दिसू लागले. एका माऊलीने तर पहिल्याच दिवशी आपल्या आडनावातली चुकलेली वेलांटी दाखवून दिली. जे काम आम्ही इतकी वर्षे ‘त्यांच्यासाठी’ करत होतो, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होऊ लागले.

पण टीव्हीसमोर बसायचे तर कीबोर्डची तार पुरेना. ती लांबवली तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येई. एकदा एका आजोबांच्या पायात अडकून सगळा डबाच टेबलावरून खाली येता येता वाचला. म्हणून २०२१ साली स्टेशनबाहेरच्या एका गाडीवरून ५५० रुपयांना बिनतारी जोडी आणली. बिल नाही, खोक्यावर धड नाव नाही. चालली मात्र तीन वर्षे. २०२४ च्या उन्हाळ्यात तिची अक्षरे पुसली गेली, स्पेसची कळ अडकू लागली, तेव्हा ७०० रुपयांची दुसरी आणली. तीही किंमत पाहूनच. नव्या जोडीचे डोंगल (म्हणजे नखाएवढा तो रिसिव्हर) पुढच्या बाजूला खोचले आणि जुना कीबोर्ड शेजारच्या वहिनींच्या धाकट्याला खेळायला देऊन टाकला. चालू केल्यावर लाल दिवा लुकलुकतो म्हणून पोरगा खूष, त्यामुळे सेलही तसेच राहू दिले. जुने डोंगल मागच्या बाजूला लावलेले होते. त्याची कोणालाही आठवण राहिली नाही.

त्या सप्टेंबरात आमची भाची, म्हणजे ताईची मुलगी, रोज संध्याकाळी अर्ज भरायला येत असे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, हात झरझर चालायचा. तिने एका वॉचमन दादांच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. वार्षिक उत्पन्न ८४,००० रुपये. आठ दिवसांनी कॉलेजातून अर्ज परत आला. उत्पन्नाच्या रकान्यात ८,४०,००० पडले होते. दाखल्यावर एक आणि अर्जात भलतेच. ज्यांना अशा अर्जांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो, या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. एका शून्याने ती मुलगी मर्यादेच्या पार बाहेर जाऊन पडली होती. कॉलेजातल्या कारकुनाने दाखला नीट पाहिला म्हणून अर्ज दुरुस्तीसाठी परत तरी आला. वॉचमन दादांना त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकून यावे लागले.

आम्ही भाचीला पाच माणसांसमोर बोललो. “कॉलेजात जातेस आणि शून्य मोजता येत नाही?”

ती म्हणाली, “मामा, मी चौऱ्याऐंशी हजारच टाकले होते. टीव्हीवर पाहिले मी.”

आम्ही म्हणालो, “मग शून्य काय भिंतीतून आले?”

ती काही बोलली नाही. पिशवी उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. दुरुस्त केलेला अर्ज मुदतीत गेला, पण खोलीत दोन हात कमी झाले. आमची मंडळी घरी म्हणाल्या, “अहो, पोरगी खोटे बोलणारी आहे का?” आम्ही वर्तमानपत्र उघडून बसलो.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी आम्ही खोलीत एकटेच होतो. गटाराच्या फुटलेल्या झाकणाबाबत प्रभाग कार्यालयाला पत्र लिहीत होतो. दोन्ही हात चहाच्या कपाला, कीबोर्ड सतरंजीवर पडलेला, आणि समोर टीव्हीवर आपोआप अक्षरे उमटू लागली. ‘ककककक’. मग एक मोठी मोकळी जागा. मग ‘पपप’. आम्ही खरेच घाबरलो. व्हायरस, हॅकर, जे जे ऐकले होते ते सगळे डोक्यातून फिरले. तेवढ्यात पलीकडून वहिनींची हाक आली, “ए, ठेव ते, जेवायला चल!” आणि अक्षरे थांबली.

आम्ही कप खाली ठेवला. पंधरा मिनिटांनी पुन्हा ‘कककक’. उठून शेजारी गेलो. पोरगा मांडीवर आमचा जुना कीबोर्ड घेऊन बसला होता. काय करतोस विचारले तर म्हणाला, “मी काकांसारखा फॉर्म भरतोय.” मधली भिंत साडेचार इंची. या वस्तूंचा पल्ला दहा मीटर असतो असे खोक्यावरच लिहिलेले असते. शून्य भिंतीतूनच आले होते.

त्याच संध्याकाळी ताईकडे गेलो. दाजी बाहेर बसलेले होते. भाची स्वयंपाकघरातून लवकर बाहेर आली नाही. आली तेव्हा आम्ही एवढेच म्हणालो, “चूक माझी होती, बाळा. आणि पाच माणसांसमोर बोललो ती दुसरी चूक.” सगळी हकीकत सांगितली. ती आधी गप्प राहिली, मग तिला हसू आवरेना. पण अट घातलीच, “येईन मी. पण आता कीबोर्ड मी निवडणार.” ज्या पाच जणांसमोर बोललो होतो त्यांनाही दुसऱ्या दिवशी खोलीत बोलावून सांगितले. वॉचमन दादांच्या घरी जाऊन त्यांचा बुडालेला अर्ध्या दिवसाचा पगार देऊ केला. त्यांनी तो घेतला नाही. चहा मात्र पाजला.

आता वस्तूची माहिती. यातली बरीचशी भाचीने वाचून आम्हाला समजावली आणि आम्ही ती कारकुनी भाषेत मनात बसवली.

तारेच्या कीबोर्डात दाबलेले अक्षर तारेतून जाते. बिनतारी कीबोर्ड तेच अक्षर रेडिओच्या लहरीवर टाकतो. ही लहर साधारण २.४ गिगाहर्ट्‌झची, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ ज्या पट्ट्यात चालतात त्याच पट्ट्यातली. डोंगल ती झेलते आणि कॉम्प्युटरला देते. मुद्दा असा की लहर फक्त डोंगलकडे जात नाही, ती चहूकडे पसरते. भिंत, दार, खिडकी तिला फारशी अडवत नाही. मग अक्षर पाकिटात घालून मोहोर लावून पाठवले आहे, की पोस्टकार्डावर उघडे लिहून पाठवले आहे, यावर सगळे अवलंबून. मोहोरबंद करण्याच्या या क्रियेला एन्क्रिप्शन म्हणतात, आणि चांगल्या कीबोर्डांच्या खोक्यावर ‘एईएस १२८’ अशी त्याची खूण असते.

स्वस्तातल्या वस्तूंत पुष्कळदा पोस्टकार्डच असते. अमेरिकेत बॅस्टिल नावाच्या कंपनीतील मार्क न्यूलिन या संशोधकाने जुलै २०१६ मध्ये दाखवून दिले की आठ कंपन्यांचे बिनतारी कीबोर्ड दाबलेली प्रत्येक कळ उघड्यावर पाठवतात, आणि सुमारे २५० फुटांवरून ती वाचता येते. या शोधाला त्यांनी ‘कीस्निफर’ असे नाव दिले. २५० फूट म्हणजे आमच्या खोलीपासून चौकातल्या पानाच्या ठेल्यापर्यंत. त्याआधी जानेवारी २०१५ मध्ये सॅमी कामकर या संशोधकाने मोबाईलच्या चार्जरसारखी दिसणारी एक डबी बनवली होती. ती भिंतीवरच्या सॉकेटला लावून ठेवली की मायक्रोसॉफ्टच्या काही बिनतारी कीबोर्डांवर काय टाइप होते ते टिपून ठेवी. म्हणजे तेव्हा प्रश्न फक्त स्वस्त मालाचा नव्हता. काही ठिकाणी पाकीट होते, पण मोहोर कच्ची होती.

आमच्या वस्तीत कोणी असा डबी लावून बसला आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण त्या सतरंजीवर बसून आम्ही काय काय टाइप करतो याची एकदा मनाशी यादी केली. लोकांचे आधार क्रमांक, बँक खात्यांचे क्रमांक, पासवर्ड, मोबाईलवर आलेले ओटीपी. लोक आम्हाला ते विश्वासाने सांगतात, आवाज खाली करून सांगतात. आणि आम्ही ते साडेपाचशे रुपयांच्या भोंग्यावरून तीन वर्षे ओरडत होतो.

माऊसची गोष्ट आणखी वेगळी आहे. आम्हाला वाटायचे, माऊस काय, बाण इकडून तिकडे सरकवतो, त्यात चोरण्यासारखे काय? कंपन्यांनाही तसेच वाटले. म्हणून बऱ्याच ठिकाणी कीबोर्डची अक्षरे मोहोरबंद, पण माऊसची हालचाल उघडी, अशी व्यवस्था राहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये याच न्यूलिन यांनी ‘माऊसजॅक’ नावाने दाखवले की सात कंपन्यांची डोंगले या उघड्या वाटेने आलेली कीबोर्डची अक्षरेही बिनबोभाट स्वीकारतात. त्यासाठी त्यांनी वापरलेले उपकरण १५ डॉलरचे होते आणि पल्ला १०० मीटरपर्यंत. यात नामांकित कंपन्याही होत्या. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना हे चटकन कळेल. आवक बारनिशीच्या टेबलावर एका शाखेची पाकिटे सही-शिक्का पाहून घेतात, दुसऱ्या शाखेचे सुटे कागद मात्र न पाहता घेतात, आणि दोन्ही एकाच फाईलला लागतात. मग लबाड माणूस कोणत्या शाखेच्या नावाने कागद सरकवील? काही कंपन्यांनी नंतर डोंगलमधली आज्ञावली सुधारून दिली. पण स्वस्त डोंगलांपैकी अनेकांत सुधारणा घालायची सोयच नसते. ती बदलणे हाच उपाय.

इथे भाचीने एक गोष्ट नेमकी पकडली. ती म्हणाली, “मामा, आपल्या शून्याचा याच्याशी संबंध नाही. आपला कीबोर्ड एईएसवाला असता तरी ते शून्य आलेच असते.” खरेच आहे. पोराच्या हातात होता तो आमच्या डोंगलच्या ओळखीचाच कीबोर्ड. मोहोर त्याच्याकडेही असली असती. परक्याने कान लावणे ही एक भानगड, आणि जुन्या ओळखीचा माणूस दार लोटून आत येणे ही दुसरी. खोक्यावरची खूण पहिलीला उपयोगी. दुसरीला आपली आपणच शिस्त पाळावी लागते.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे लॅमिंग्टन रोडला गेलो. आमच्याकडून मध्य रेल्वेने दादर, तिथून पश्चिमेची धीमी गाडी आणि ग्रँट रोडला उतरून चालत. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव दिसते, पण विचारायचे झाले तर लॅमिंग्टन रोडच विचारावे. पहिल्या दुकानात भाचीने विचारले, “यात एन्क्रिप्शन आहे का?” दुकानदार म्हणाला, “वायरलेस आहे ना, सगळ्यात असते.” तिने खोके चारही बाजूंनी फिरवून पाहिले, एईएसचा कुठे उल्लेख नाही. दुसऱ्या दुकानात त्यांनी आम्हाला रंगीत दिव्यांचा कीबोर्ड दाखवला. तिसऱ्यात गल्ल्यावर बसलेले वयस्कर गृहस्थ जाणकार निघाले. त्यांनी तीन प्रकार समोर ठेवले. एक, स्वतःचे डोंगल असलेली आणि खोक्यावर एईएस १२८ लिहिलेली जोडी. दुसरी लॉजिटेकची, २०२१ पासून आलेल्या ‘बोल्ट’ डोंगलची, जी ब्लूटूथच्या कडक पद्धतीने जोडली जाते. ती चांगली खरी, पण खजिनदारांपुढे मांडायला अवघड. तिसरी साधी ब्लूटूथ जोडी.

त्यांनी एक प्रश्न विचारला, तो आम्हाला आवडला. “डोंगल हरवले तर?” पुष्कळ स्वस्त जोड्यांत कीबोर्ड आणि डोंगल कारखान्यातूनच एकमेकांना बांधून येतात. डोंगल हरवले की कीबोर्डची फळी होते. तेव्हा सुटे डोंगल मिळते का, हे घेतानाच विचारावे. ब्लूटूथला हा प्रश्न नाही, पण आपल्या कॉम्प्युटरला ब्लूटूथ हवे. आमच्या डब्याला ते नव्हते. त्यासाठी ४५० रुपयांचा वेगळा अडॅप्टर घ्यावा लागला. ब्लूटूथ कीबोर्ड आणि माऊस मिळून २,३०० रुपये. शिवाय तारेचा एक साधा कीबोर्ड ४०० रुपयांना. तो कशाला, ते पुढे येईलच.

पैसे देण्याआधी भाचीने खोक्यावरचा ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर टाकून पाहिला. बिनतारी कीबोर्ड २०१२ च्या आदेशापासून सक्तीच्या नोंदणीत आहे. क्रमांक टाकला की कोणत्या उत्पादकाची नोंद आहे ते दिसते. स्टेशनबाहेरच्या आमच्या पहिल्या जोडीवर हा क्रमांकच नव्हता. पण वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये, ती नोंदणी विजेच्या वगैरे सुरक्षिततेची आहे. अक्षरे उघडी जातात की बंद, याच्याशी तिचा संबंध नाही. पक्के बिल घेतले. कारकून माणूस, बिलाशिवाय आम्हाला झोप येत नाही.

मराठीवाल्यांसाठी आणखी एक. इनस्क्रिप्टची देवनागरी अक्षरे छापलेला बिनतारी कीबोर्ड आम्हाला त्या दिवशी मिळाला नाही. तारेच्या कीबोर्डांत मिळतो. शेवटी चिकटवायच्या अक्षरांचा कागद ३० रुपयांना घेतला. भाचीला त्याची गरज नाही, आम्हाला आहे. शिफ्ट धरून ५ दाबले की ज्ञ, ६ ला त्र, ७ ला क्ष आणि ८ ला श्र, हे आमच्या अजून बोटांत बसलेले नाही.

जोडणी सोमवारी सकाळी केली, खोलीत कोणी नसताना. जोडणीच्या त्या एका मिनिटात कीबोर्ड आणि कॉम्प्युटर आपसात किल्ली ठरवतात, तेव्हा ते काम गर्दीत किंवा प्रवासात करू नये. पण त्याआधी भाचीने टॉर्च घेऊन डब्याची मागची बाजू पाहिली. आमची समजूत की तिथे एकच जुने डोंगल आहे. निघाली दोन. दुसरे कोणाचे, कधीचे, कोणालाच सांगता आले नाही. कोणी तरी कधी तरी आपला माऊस आणून लावला असेल आणि नुसता माऊस घेऊन गेला असेल. म्हणजे आणखी एक किल्ली कोणाच्या तरी घरी पडून होती. ७०० रुपयांच्या जोडीचे पुढचे डोंगलही काढले.

मग विंडोजचे सगळे अपडेट आधी पूर्ण करून घेतले. त्यालाही कारण आहे. ब्लूटूथ म्हणजे निर्धोक असे समजू नये. डिसेंबर २०२३ मध्ये याच न्यूलिन यांनी जाहीर केले की अँड्रॉइड, लिनक्स, ॲपल अशा अनेक ठिकाणी परका माणूस ‘मी कीबोर्ड आहे’ असे सांगून मालकाच्या परवानगीविना जोडला जाऊ शकतो. विंडोजसाठीची दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. ज्यांनी अपडेट घेतले त्यांचे दार बंद झाले, ज्यांनी घेतले नाही त्यांचे उघडे राहिले. मोबाईललाही हेच लागू. आमच्या डब्यात तेव्हा विंडोज १० होते. त्याची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून तोही विषय आम्हाला पुढे हातात घ्यावा लागला. तो खर्च वेगळा, त्याचे रडगाणे इथे नको.

अडॅप्टर डब्याच्या मागे लावला नाही. लोखंडी डब्याआड लहर अडते. शिवाय निळ्या रंगाच्या यूएसबी ३ च्या खाचेत पेनड्राइव्ह चालू असला की त्याचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पडतो. इंटेल कंपनीनेच २०१२ साली हे लिहून ठेवले आहे. माऊस अडखळतो, अक्षरे गळतात, आणि आपण सेल बदलत बसतो. वीतभर लांब एक्स्टेन्शनची तार लावून अडॅप्टर टीव्हीच्या खाली आणला. बिनतारीसाठी तार आणावी लागली म्हणून दाजी हसले.

कीबोर्ड जोडताना पडद्यावर सहा आकडे आले. ते कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचे. हे आकडे विचारणारा कीबोर्ड आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो, कारण समोरचा कीबोर्ड खरोखर आपल्याच मांडीवर आहे याची त्यात खातरी होते. माऊसला आकडे टाइप कुठून करता येणार, तो असाच जोडला गेला. मग जोडलेल्या वस्तूंच्या यादीत आणखी कोणती नावे नाहीत ना हे पाहिले. आता हे दर महिन्याला पाहायचे ठरले आहे. जानेवारीत पाहिले तर दोन पोरांचे मोबाईल आणि एक स्पीकर निघाला. ती नावे काढली. पोरे रुसली.

काही गैरसोयी आहेत, त्या लपवून ठेवत नाही. या कीबोर्डला कॅप्स लॉकचा दिवा नाही. पासवर्ड दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चुकला असता तर एका मुलाचे खाते अडकले असते. आता पासवर्ड टाकण्याआधी एखाद्या मोकळ्या रकान्यात एक अक्षर टाकून पाहतो. दुसरे, कॉम्प्युटर चालू होताना विंडोज येईपर्यंत आमचा ब्लूटूथ कीबोर्ड मुका असतो. मशीन मध्येच अडले तर कपाटातला तारेचा कीबोर्ड काढावा लागतो. सुट्टीत खोली बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत. आमच्या पहिल्या माऊसमध्ये सेल गळून पत्रा हिरवा झाला होता.

आणि तारेच्या कीबोर्डचा खरा उपयोग असा. बचत गटाचे बँकेचे काम आणि लोकांचे पासवर्ड आम्ही आता त्याच्यावरच टाइप करतो. तेवढ्यापुरते उठून टेबलापाशी जायचे, टीव्ही बंद करायचा, काम झाले की परत सतरंजीवर. नाव, पत्ता, शाळा, उत्पन्न हे सगळ्यांनी मिळून भिंतीवर पाहायचे. पासवर्ड ज्याचा त्याने टेबलावर येऊन स्वतः टाकायचा. ज्यांना टाइप करता येत नाही त्यांच्याही बोटाला कळ दाखवतो, दाबतात तेच. याला वेळ लागतो. एका संध्याकाळी पूर्वी आठ अर्ज होत, आता पाच-सहा होतात. आमच्या मते ज्याचे काम टेबलावर तारेने भागते त्याने बिनतारीच्या फंदात पडूच नये. आम्हाला टीव्हीसाठी हवा होता म्हणून घेतला. चहाला उठताना विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबून पडदा बंद करतो. भाचीने तशी चिठ्ठीच टीव्हीखाली लावली आहे.

उत्पन्नाचा आकडा आता भरणारा मोठ्याने वाचतो आणि पालक दाखल्यावर बोट ठेवून ‘बरोबर’ म्हणतात. हा नियम भाचीचा. वॉचमन दादा पुढच्या वर्षी धाकट्याचा अर्ज भरायला आले, तेव्हा त्यांनी आकडा वाचून झाल्यावर शून्ये स्वतः मोजली. तीन. मग आमच्याकडे पाहून हसले.

काढलेली तिन्ही डोंगले पाकिटात घालून डेडस्टॉक रजिस्टरला नोंदवली आहेत. नोंद भाचीच्या अक्षरात आहे: ‘डोंगल, नग ३, पैकी १ बेवारस.’ जुना कीबोर्ड अजून शेजारीच आहे, सेल काढलेला. लाल दिवा लागत नाही म्हणून पोरगा आठ दिवस नाराज होता. आता तो दिव्यावाचूनही बसतो. परवा भिंतीपलीकडून विचारत होता, “काका, माझा फॉर्म पोचला का?”